नगरांचे आकर्षण : चौल, नागोठणे व मुंबई

राहण्यास सुखकर, पाहण्यास रम्य आणि व्यापारउदिमास सोयीस्कर अशा ठिकाणी माणसे आपापली गावे सोडून येतात व वस्ती करतात, हा नगरांच्या इतिहासातील सर्वत्र आढळणारा अनुभव आहे. वास्तव्य, प्रवास व व्यापार ही तीन प्रयोजने ज्या नगरात एकत्र येतात, ते नगर आपल्या काळात प्रसिद्धी पावते. ती एकत्र येण्यास भूगोल, राज्यसत्ता, वाहतुकीची साधने व सार्वजनिक आरोग्य हे घटक कारणीभूत होतात. यांपैकी एखादा घटक बदलला, की तिन्ही प्रयोजने विलग होऊ लागतात आणि नगराचे महत्त्व दुसरीकडे सरकते. महाराष्ट्रात या प्रक्रियेचे दर्शन रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर विशेष स्पष्टपणे घडते. चौल हे प्राचीन व मध्ययुगीन बंदर आणि मुंबई हे अर्वाचीन महानगर ही या इतिहासाची दोन टोके होत. त्यांच्या परिसरात, आंबा नदीच्या काठी असलेले नागोठणे हे स्वतः कधीही महानगर झाले नाही. तथापि दोहोंच्या उत्कर्षाचा व त्यासाठी द्याव्या लागणाऱ्या मोलाचा ठसा त्याच्या इतिहासावर उमटलेला आहे.

भौगोलिक स्थान : नागोठणे हे सध्या रोहे तालुक्यात असून पूर्वी त्याचा समावेश पेण तालुक्यात होत असे. पेणच्या दक्षिणेस सु. २५ किमी. अंतरावर हे गाव वसले आहे. आंबा नदी खोपोलीजवळच्या सह्याद्रीच्या रांगांत उगम पावते, जांभूळपाडा व पाली यांच्या परिसरातून वाहत नागोठण्यास येते आणि तेथून वायव्येकडे वळून धरमतरच्या खाडीवाटे रेवसजवळ मुंबई बंदराच्या जलाशयास मिळते. समुद्रापासून सु. ३५ ते ४० किमी. आत असूनही नागोठण्यापर्यंत भरतीचे पाणी पोहोचते. भरतीबरोबर वर येणे व ओहोटीबरोबर खाली जाणे, हा येथील गलबतांचा शतकानुशतकांचा क्रम होता.

कोकणातील अनेक जुन्या बाजारपेठा अशाच खाडीच्या माथ्यावर वसलेल्या आहेत. उल्हास नदीवरील कल्याण, पनवेलच्या खाडीवरील पनवेल, सावित्रीवरील महाड व वाशिष्ठीवरील चिपळूण ही त्यांची परिचित उदाहरणे होत. जेथे गलबताची वाट संपते, तेथे बैलांच्या पाठीवरची वाट सुरू होते. मिठाच्या, सुक्या मासळीच्या व नारळाच्या गोणी तेथे उतरत आणि घाटावरून आलेले धान्य, गूळ, कापूस इ. माल तेथे चढे. माल उतरविण्यासाठी व भरतीची वाट पाहण्यासाठी थांबावे लागे. थांबणाऱ्यासाठी धर्मशाळा, वखारी, सराफ व दुकाने उभी राहत. अशा पेठेचे अस्तित्व या सक्तीच्या थांब्यावर अवलंबून असे. थांबण्याची गरज संपली, की तिचे वैभवही ओसरे.

चौल : कुलाबा किनाऱ्यावरील सर्वांत जुने कीर्तिमान नगर म्हणजे कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेले चौल. पेरिप्लस या ग्रीक नौकानयनग्रंथात व टॉलेमीच्या भूवर्णनात उल्लेखिलेले सेमिल्ला अथवा सिमिल्ला हे बंदर म्हणजे चौल असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अरबी लेखक त्यास सैमूर म्हणत. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्-मसूदी हा प्रवासी येथे आला होता. त्या वेळी हा प्रदेश राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांच्या अंमलाखाली होता. नगरात सु. दहा हजार मुसलमान राहत असल्याचे मसूदीने नमूद केले आहे. यांपैकी काही सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले होते, तर काही येथेच जन्मलेले होते. त्यांच्यातीलच एका प्रतिष्ठित व्यक्तीची राजाकडून प्रमुख म्हणून नेमणूक होई व तो त्यांच्या तंट्यांचा निवाडा करी. परदेशी व्यापाऱ्याला केवळ बाजार पुरेसा नसतो. आपल्या रीतीने राहण्याची मुभा व न्यायाची हमी मिळाली, तरच तो कुटुंबासह वस्ती करतो. चौलच्या आकर्षणाचे मर्म या व्यवस्थेत सापडते.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी राजवटीत, अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी हॉर्मुझमार्गे घोडा घेऊन चौल येथे उतरला. तेथून तो पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला. त्याने उल्लेखिलेली पाली म्हणजे आंबा नदीच्या खोऱ्यातील पाली होय, असे मानण्यात येते. या वृत्तांतावरून चौलचा व्यापार किनाऱ्यापुरता मर्यादित नव्हता व त्याची मुळे आंबा-कुंडलिकेच्या खोऱ्यांतून दख्खनच्या पठारापर्यंत पोहोचलेली होती, हे दिसून येते. इराण व अरबस्तानातील घोडे पठारावरील राजसत्तांना हवे असत आणि पठारावरील कापड समुद्रापलीकडे हवे असे. या देवघेवीवर चौल उभे होते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या आगमनाने या व्यवस्थेत मोठा बदल झाला. १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात ईजिप्तचे मामलूक व गुजरातचा सुलतान यांच्या आरमारांशी पोर्तुगीजांची लढाई झाली व तीत पोर्तुगीज सेनानी लोरेन्सु द अल्मेईदा मारला गेला. पुढे १५२१ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी रेवदंडा येथे तटबंदी उभारली. परिणामतः एकाच नावाची दोन नगरे शेजारी-शेजारी नांदू लागली : समुद्रालगतचे पोर्तुगीज चौल (रेवदंडा) व आतील बाजूचे निजामशाही चौल. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहाने पोर्तुगीज चौलला दीर्घ वेढा घातला. तथापि तो अयशस्वी झाला. १५८३ मध्ये आलेल्या रॅल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने या जोडनगरांची व तेथील मोठ्या व्यापाराची नोंद केली आहे.

नागोठण्याचा पूल : किनाऱ्यावरील या स्पर्धेची झळ नागोठण्यालाही पोहोचली. सोळाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यात हा भाग गुजरातच्या सुलतानाकडे होता. १५३० च्या सुमारास एक्तोर द सिल्व्हैरा याच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीजांनी नागोठण्याच्या खाडीतून आत शिरून गुजरातच्या सुलतानाची काही गावे जाळली. ज्या जलमार्गाने व्यापार येई, त्याच मार्गाने शत्रूही येऊ शके. खाडीच्या माथ्यावरील पेठांना हा धोका नेहमीच पत्करावा लागे.

नागोठण्याजवळ आंबा नदीवर असलेला दगडी पूल हा या काळाचा सर्वांत महत्त्वाचा अवशेष होय. तो निजामशाही अमदानीत, सु. १५८० मध्ये चौलचा काजी अलाउद्दीन याने बांधल्याचे व त्यासाठी तीन लाख रुपये खर्च आल्याचे परंपरेने सांगितले जाते. कमानींवर उभारलेला हा पूल अरुंद आहे. पायी प्रवासी, घोडेस्वार व लमाणांचे तांडे हीच त्या काळची रहदारी असल्याने ती रुंदी गरजेपुरती होती. चौलहून पेण व बोरघाटाच्या दिशेने जाणाऱ्या खुष्कीच्या मार्गाला आंबा नदी आडवी येते आणि पावसाळ्यात तिला मोठे पूर येतात. ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली, म्हणजे चौलच्या काजीच्या नावाशी नागोठण्याचा पूल का निगडित व्हावा, याचा उलगडा होतो. नगराचे आकर्षण टिकविण्यासाठी त्याच्या वेशीबाहेर, दूरच्या वाटेवर खर्च करावा लागतो, हे त्या काळच्या कर्त्या पुरुषांना उमगलेले होते. चौलचे वैभव लयास गेले. पूल मात्र त्यानंतरही शतके वापरात राहिला.

मुंबईचा उदय : सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई हा दलदलीने वेढलेला, रोगट हवेचा व विरळ वस्तीचा द्वीपसमूह होता. १६६१ च्या विवाहकरारान्वये तो इंग्लंडच्या राजाकडे गेला व १६६८ मध्ये राजाने तो ईस्ट इंडिया कंपनीस नाममात्र वार्षिक खंडाने दिला. त्या वेळी पश्चिम भारतातील प्रमुख व्यापारी नगर सुरत हे होते आणि मुंबईस उत्तम बंदरापलीकडे कोणतीही अनुकूलता नव्हती. अशा ठिकाणी माणसे कशी आणावीत, हा प्रश्न १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेरल्ड आंजिअर याच्यापुढे होता.

आंजिअरने त्याचे उत्तर प्रामुख्याने कायद्यात व सहिष्णुतेत शोधले. त्याने न्यायालय स्थापन केले, टांकसाळ सुरू केली, निरनिराळ्या जातिजमातींना आपापल्या पंचायतींमार्फत अंतर्गत तंटे मिटविण्याची मुभा दिली व धर्माचरणाचे स्वातंत्र्य जाहीर केले. १६७७ मध्ये दीव येथील नीमा पारख या वाणी व्यापाऱ्याने मुंबईत येण्यापूर्वी कंपनीकडे काही अटी घातल्या व त्या बहुतांशी मान्य झाल्या. आपल्या आवारात प्राणिहत्या होऊ नये, मृतांचे दहन आपल्या रीतीप्रमाणे करता यावे, सक्तीने ओझी वाहण्याचे वा पहाऱ्याचे काम लादले जाऊ नये, अशा स्वरूपाच्या त्या अटी होत्या. त्यांत नफ्याविषयीच्या मागण्यांबरोबरच, किंबहुना त्यांच्याआधी, दैनंदिन जीवनातील प्रतिष्ठेचा विचार आहे. राहण्याजोगे नगर कोणते, याविषयी एका भावी रहिवाशाने स्वतः सांगितलेले हे निकष असल्याने ते विशेष मोलाचे ठरतात.

मराठ्यांनी १६६४ व १६७० मध्ये सुरतेवर केलेल्या स्वाऱ्यांमुळे तेथील व्यापाऱ्यांना सुरक्षित स्थळाची निकड भासू लागली होती. तिचाही लाभ मुंबईस झाला. जॉन फ्रायर या समकालीन इंग्रज वैद्याने मुंबईची लोकसंख्या पोर्तुगीज काळातील दहा हजारांवरून साठ हजारांवर गेल्याचे नमूद केले आहे. हा आकडा अंदाजाचा असला, तरी वाढीची दिशा त्यावरून कळते. मात्र याच काळात मुंबईची हवा यूरोपीय आगंतुकांना अत्यंत घातक ठरली. दोन पावसाळ्यांपलीकडे तेथे माणसाचे आयुष्य नाही, अशा अर्थाची म्हण त्यांच्यात रूढ होती. व्यापारास उत्तम, परंतु वास्तव्यास कठीण, हा मुंबईच्या स्वभावातील विरोध इतका जुना आहे.

मुंबई व समोरचा किनारा : मुंबई बेटास लागणारे धान्य, सरपण, गवत व गुरे मोठ्या प्रमाणात समोरच्या किनाऱ्यावरून येत. पेण, नागोठणे व पनवेल येथील खाड्या हे या पुरवठ्याचे मार्ग होते आणि शिवकालात त्यांपैकी बराच प्रदेश मराठी राज्यात होता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास प्रारंभ केला, तेव्हा इंग्रजांनी आरमारी विरोध केला. ऑक्टोबर १६७९ मधील चकमकीनंतर दौलतखान याच्या नेतृत्वाखालील मराठी गलबतांनी नागोठण्याच्या खाडीचा आश्रय घेतला. उथळ पाण्यात इंग्रजांची मोठी जहाजे त्यांच्या पाठीमागे जाऊ शकत नसत. खाडीचा उथळपणा, जो व्यापाराच्या वाढीस अडसर होता, तोच येथे संरक्षणाचे साधन ठरला. अखेरीस खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

१७४० मध्ये रेवदंडा व चौल पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. तथापि तोवर चौलचा दूरदेशीचा व्यापार क्षीण झाला होता. याउलट मुंबईत १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा जहाजबांधणीतील कुशल कारागीर आला व गोदी उभारण्यात आली. किनाऱ्यावरील बेने इझ्राएल जमातीची कुटुंबे अठराव्या शतकात कुलाबा भागातील गावांतून मुंबईस जाऊ लागली. तेल गाळण्याचा परंपरागत व्यवसाय करणाऱ्या या जमातीतील अनेकांनी तेथे कंपनीच्या सैन्यात नोकरी धरली. त्यांपैकी सॅम्युएल एझिकेल दिवेकर याने १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. आगरी, कोळी, कुणबी, पाठारे प्रभू, कोकणी मुसलमान इ. समाजांच्या स्थलांतराचीही अशीच दीर्घ परंपरा आहे. मुंबईच्या वाढीत या किनाऱ्याने धान्याबरोबर आपली माणसेही दिली.

खारेपाट : मुंबईच्या बाजारास तांदूळ पुरविणाऱ्या पेण-अलिबाग भागाची शेती बरीचशी मानवनिर्मित जमिनीवर उभी आहे. खाडीच्या भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवावयाचे व पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन काढावयाचे, या पद्धतीने येथे भातखाचरे तयार करण्यात आली. या भूभागास खारेपाट म्हणतात. बांध घालणाऱ्या भांडवलदारास शिलोत्रदार म्हणत व त्याबद्दल त्यास उत्पन्नाचा वाटा मिळे. म्हणून या धारापद्धतीस शिलोत्री हे नाव पडले. बांध फुटला, तर एका भरतीत शेत पुन्हा खारे होते व ते पूर्ववत होण्यास काही वर्षे लागतात. बांधाची डागडुजी कोणी करावयाची व पिकाचा किती वाटा कोणी घ्यावयाचा, यावरून खोत व कुळे यांच्यात तंटे होत. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी दीर्घकाळ चाललेली शेतकऱ्यांची चळवळ खोतीविरुद्ध होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीस पाठिंबा दिला. महानगराच्या बाजारपेठेच्या सान्निध्याने जमीनमालकास लाभ झाला, तरी कसणाऱ्यास तो आपोआप मिळत नाही, हे या संपाने प्रकट केले.

प्रवासाचा थांबा : १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर नागोठणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा नागोठणे हा पेण तालुक्यातील महाल होता. १८२८ नंतर गव्हर्नर जॉन माल्कम याच्या प्रोत्साहनाने महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण विकसित झाले. मुंबईहून तेथे जाण्याचा एक मार्ग समुद्र व खाडीतून नागोठण्यापर्यंत आणि तेथून रस्त्याने महाड व पोलादपूरवरून घाट चढून जाणारा होता. पुढे आगबोटींची वाहतूक सुरू झाल्यावर हा प्रवास अधिक नियमित झाला. पालीच्या बल्लाळेश्वराचे यात्रेकरूही आंबा खोऱ्यातील याच वाटांनी जात. एकोणिसाव्या शतकातील बराच काळ नागोठणे हे असे पांथस्थांचे गाव होते.

या थांब्याचे महत्त्व दोन टप्प्यांनी कमी झाले. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्यामुळे पुण्याकडील वाहतूक पनवेलमार्गे एकवटली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला व १८६३ मध्ये तो बोरघाट चढून गेला. मग पठारावरील मालास खाडीकाठी उतरण्याची गरजच उरली नाही. महाबळेश्वरचे प्रवासीही पुण्यावरून जाऊ लागले. लोहमार्गामुळे पनवेलसारख्या पेठांचीही पीछेहाट झाली. कुलाबा जिल्हा मुंबईच्या दृष्टिपथात असूनही रेल्वेपासून दीर्घकाळ वंचित राहिला. दिवा-पनवेल मार्ग वाढत जाऊन १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला, तेव्हा नागोठण्यास लोहमार्ग मिळाला. म्हणजे मुंबईत पहिली आगगाडी धावल्यानंतर त्यासाठी १३३ वर्षे लागली.

आकर्षणाचे मोल : रेल्वेने वाढलेल्या मुंबईत १८५४ नंतर कापड गिरण्या सुरू झाल्या व कोकणातील मनुष्यबळ तेथे लोटले. गिरणीतील पगार, चाळीतील खोली व गावी जाणारी मनीऑर्डर या त्रिसूत्रीवर असंख्य कुटुंबांचे जीवन चाले. कामगार मुंबईस उपजीविका करी. वास्तव्याचे सुख मात्र गावाकडे मानी. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ उद्‌भवली, तेव्हा लक्षावधी लोक शहर सोडून गेले. व्यापाराची सर्व साधने जागच्या जागी असूनही नगर ओस पडू लागले. दाट वस्ती, कोंदट खोल्या व सांडपाण्याची दुरवस्था यांकडे झालेल्या दुर्लक्षाचा तो परिणाम होता. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने रुंद रस्ते काढले व दाटीच्या वस्त्या हटविल्या. परंतु विस्थापितांना पुरेशी घरे मिळाली नाहीत.

शहर व गाव यांना जोडणारा जलमार्गही निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी समुद्रात बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. दीपअमावास्येचा तो दिवस असल्याने सणासाठी घरी परतणाऱ्यांची तीत मोठी गर्दी होती.

औद्योगिकीकरण : मुंबईवरील भार कमी करण्यासाठी १९७० मध्ये सिडको या महामंडळाची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्यास प्रारंभ झाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. याच सुमारास मुंबईजवळच्या समुद्रातील नैसर्गिक वायूवर आधारित असा इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीचा प्रकल्प नागोठणे येथे उभा राहिला. २००२ मध्ये या कंपनीचे खाजगीकरण झाले व २००७ मध्ये ती रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. धरमतर खाडीकाठी डोलवी येथे पोलाद कारखाना निघाला व त्यासाठी कच्चा माल वाहून आणणाऱ्या बार्जेसनी आंबेच्या मुखाकडील जलमार्ग पुन्हा गजबजला. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले.

या परिवर्तनाबरोबर संकटेही आली. जुलै १९८९ मधील अतिवृष्टीने आंबा नदीस अभूतपूर्व पूर येऊन जांभूळपाडा येथे मोठी जीवितहानी झाली व नागोठण्यातही पाणी शिरले. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या वायुप्रकल्पात झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली. नदीकाठ, भरतीचे पाणी व मुंबईचे सान्निध्य या ज्या गुणांमुळे गावास पूर्वी महत्त्व आले, त्यांच्याशीच हे धोके निगडित आहेत. मुंबई-गोवा महामार्ग गावाजवळून जातो. त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू होऊन दशकाहून अधिक काळ रेंगाळले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाल्याने मुंबई व रायगड जिल्हा यांतील अंतर आणखी कमी झाले आणि जिल्ह्यातील जमिनींना महानगरीय महत्त्व येऊ लागले.

नगरांचे मूल्यमापन : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगातील नगरांची गुणानुक्रमे यादी करण्याची प्रथा रूढ झाली. मर्सर या सल्लागार संस्थेच्या यादीत व्हिएन्ना अनेक वर्षे अग्रस्थानी राहिले. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत २०११ ते २०१७ या काळात मेलबर्न पहिले होते व २०१८ मध्ये ते स्थान व्हिएन्नाने घेतले. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा हे दुसऱ्या यादीचे निकष होत. या याद्यांचा एक मुख्य उपयोग असा, की परदेशी पाठविलेल्या कर्मचाऱ्यांना किती भत्ता द्यावा, हे बहुराष्ट्रीय कंपन्यांना ठरविता यावे. साहजिकच त्यांत बाहेरून आलेल्या सुस्थित माणसाची सोय प्रामुख्याने मोजली जाते. भारत सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांचा जीवनसुलभता निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात पुणे, नवी मुंबई व बृहन्मुंबई यांना अनुक्रमे पहिले, दुसरे व तिसरे स्थान मिळाले. २०२० च्या निर्देशांकात दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत बंगळूरू पहिले व पुणे दुसरे आले.

तुलना करण्यास अशा याद्या उपयुक्त आहेत. परंतु ऐतिहासिक दृष्टीने त्यांच्या दोन मर्यादा स्पष्ट होतात. पहिली म्हणजे त्या नगराची एका क्षणाची स्थिती दाखवितात. दहाव्या शतकात अशी यादी केली असती, तर चौल तीत वरच्या स्थानी आले असते व मुंबईचा नामोल्लेखही झाला नसता. १६६० मध्येही दलदलीच्या त्या बेटांना कोणी पसंती दिली नसती. दुसरी मर्यादा अशी, की नगराची सीमा ही यादीची सीमा मानली जाते. ज्या खोऱ्यांतून अन्न, पाणी, इंधन व मनुष्यबळ नगराकडे येते, तेथील जीवन तीत मोजले जात नाही. वायुप्रकल्पाचे उत्पादन महानगरात वापरले जाते. त्याचा धोका नागोठण्याच्या परिसराने सोसावयाचा असतो. नगराच्या गुणांकात पहिल्या गोष्टीची नोंद होते, दुसरीची होत नाही.

महत्त्व : चौल, नागोठणे व मुंबई यांच्या इतिहासावरून असे म्हणता येते, की व्यापारी सर्वांत आधी येतो व सर्वांत आधी जातो, प्रवासी वाट असेल तोवर येतो, रहिवासी मात्र न्याय, आरोग्य व प्रतिष्ठा यांची हमी असेल तेथे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मसूदीने पाहिलेली स्वतंत्र न्यायव्यवस्था व नीमा पारखाच्या अटी यांत सुमारे साडेसात शतकांचे अंतर आहे. तरीही दोहोंचा आशय एकच आहे. नागोठण्याच्या पुलामागील दृष्टीही तितकीच महत्त्वाची होय : नगराचे हित त्याच्या वाटेवरील गावाच्या हितापासून वेगळे काढता येत नाही. रायगड जिल्ह्याचे खाडीकाठ महानगराच्या कक्षेत येत असताना तेथील बांध, नदीपात्रे, शेती व वस्त्या यांचे रक्षण होणार की नाही, यावर केवळ या गावांचेच नव्हे, तर मुंबईचेही भावी आकर्षण अवलंबून राहील. [⟶ आंबा नदी, चौल, नागोठणे, मुंबई, रायगड जिल्हा].